अचानक गेलेल्या कर्त्या माणसाची आठवण कशी जपावी: पहिल्या आठवड्यापासून वर्षश्राद्धापर्यंत

घरातला कर्ता माणूस दीर्घ आजाराने जातो तेव्हा निदान काही बोलणे झालेले असते, कागदपत्रे कुठे ठेवली आहेत हे विचारून झालेले असते, लांबचे नातेवाईकही भेटून गेलेले असतात. सकाळी डबा घेऊन कामावर गेलेला माणूस दुपारी हृदयविकाराच्या झटक्याने किंवा रस्त्यावरच्या अपघातात गेला, तर यातले काहीच झालेले नसते. मागे राहिलेल्यांच्या मनात त्या एका दिवसाने एवढी जागा व्यापलेली असते की आधीची पंचवीस-तीस वर्षे त्याच्या आड जातात. त्यातून तो माणूस कष्टाळू आणि कुटुंबवत्सल असेल तर त्याची आठवण जपणे आणखी अवघड होते, कारण अशा माणसाने स्वतःबद्दल फारसे कधी सांगितलेले नसते, त्याचा जाहीर सत्कार झालेला नसतो, आणि घरच्या लग्नकार्याच्या छायाचित्रांतही तो बहुधा दिसत नाही; छायाचित्रे निघत होती तेव्हा तो आचाऱ्याच्या मागे किंवा पाहुण्यांच्या गाड्या लावण्यात गुंतलेला असतो.

अनेक कुटुंबांना श्रद्धांजलीचे लेख आणि स्मरणपुस्तिका तयार करायला मदत करताना माझे एक मत ठाम झाले आहे. कष्टकरी, संसारी माणसाची आठवण त्याच्या रोजच्या कामाच्या तपशिलात असते, आणि तो तपशील पहिल्या काही महिन्यांत गोळा केला नाही तर पुढे कोणाकडेच उरत नाही. म्हणून खाली जे सांगितले आहे ते शक्यतो त्याच क्रमाने करावे. ज्यांना दुःखामुळे काहीच सुचत नसेल त्यांनी निदान पहिला भाग घरातल्या एखाद्या जबाबदार भाच्याकडे, पुतण्याकडे किंवा मेहुण्याकडे सोपवावा.

पहिला आठवडा: काही टाकू नका, काही पुसू नका

मृत्यूनंतर घर आवरायला येणारी माणसे प्रेमानेच येतात, पण सर्वांत जास्त नुकसान याच दिवसांत होते. खुंटीवरचे कपडे धुऊन घडी घातले जातात, चपला बाहेर ठेवल्या जातात, खिशातल्या चिठ्ठ्या केरात जातात, आणि तेराव्यापर्यंत कपाटातला त्यांचा कप्पा रिकामा झालेला असतो. दानधर्म करायचा असेल तर तो जरूर करावा, मात्र तो दोन-तीन महिन्यांनी केला तरी काही बिघडत नाही. तोपर्यंत एका स्वच्छ पेटीत पुढील गोष्टी जशाच्या तशा ठेवाव्यात: कामावर घालायचा गणवेश किंवा रोजचा सदरा न धुता, चष्मा, पाकीट आतल्या कागदांसह, किल्ल्यांचा जुडगा, डब्याची पिशवी, ओळखपत्र, हिशेबाच्या वह्या आणि त्यांची स्वतःची म्हणून जी हत्यारे असतील ती. गवंड्याची थापी, सुताराचा रंधा, शिंप्याची कात्री किंवा चालकाचा बिल्ला यांतून त्या माणसाबद्दल जेवढे कळते तेवढे भिंतीवरच्या हार घातलेल्या तसबिरीतून कळत नाही.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. आपल्याकडे असंख्य घरांत कालनिर्णयसारखी दिनदर्शिका हीच घराची वही असते, आणि ती लिहिणारा माणूस बहुधा एकच असतो. एका घरात मी पाहिलेल्या पानावर दुधाचे खाडे निळ्या शाईने मांडले होते, गॅसची टाकी लावल्याची तारीख गोल करून ठेवली होती, मुलीच्या सहलीचे पैसे भरायचा दिवस लिहिला होता, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चार ठिकाणी फक्त ‘ओ.टी.’ असे लिहिले होते, म्हणजे त्या चार दिवशी ते जादा पाळी करून आले होते. सहलीची तारीख आणि जादा पाळीचे दिवस शेजारी शेजारी ठेवले की त्या महिन्यात त्या बापाने काय केले हे निराळे सांगावे लागत नाही. अशा जुन्या दिनदर्शिका रद्दीत गेल्या नसतील तर त्या सर्व काढाव्यात, प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे आणि मूळ प्रती सपाट ठेवाव्यात. त्यांच्या हस्ताक्षराचा एवढा मोठा साठा दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

दुसरी तातडीची वस्तू म्हणजे मोबाइल. तो कोणालाही वापरायला देऊ नये, त्यातले काही काढून टाकू नये आणि नवा करून तर मुळीच घेऊ नये. व्हॉट्सअॅपवरचे त्यांचे आवाजी निरोप हे पुष्कळदा त्यांच्या आवाजाचे एकमेव ध्वनिमुद्रण असते. ‘निघालो, काही आणायचं का?’ एवढाच मजकूर असला तरी तो जपावा. ज्यांच्याकडे असे निरोप आले असतील त्या प्रत्येकाने ते स्वतःच्या फोनमधून निवडून संगणकावर उतरवून ठेवावेत, म्हणजे सगळा भार एका यंत्रावर राहत नाही. व्हॉट्सअॅपचे खाते साधारणपणे 120 दिवस वापरात नसेल तर बंद केले जाते, आणि प्रीपेड सिमकार्ड सलग 90 दिवस न वापरल्यास तो क्रमांक काढून घेतला जाऊन पुढे दुसऱ्याला मिळू शकतो, त्यामुळे रिचार्ज चालू ठेवणे आवश्यक असते. बँक आणि भविष्य निर्वाह निधीच्या कामांसाठीही काही काळ तो क्रमांक चालू असलेला बरा. मात्र त्या फोनवरून त्यांच्या खात्यातले पैसे काढू किंवा पाठवू नयेत. मृत्यूनंतर असे व्यवहार केले तर पुढे वारसांमध्ये आणि बँकेशी वाद उभे राहतात.

निधनाची बातमी

ही बातमी घाईत लिहिली जाते, म्हणून तिच्यात माहिती अचूक असणे एवढीच अपेक्षा ठेवावी. पूर्ण नाव, ज्या नावाने लोक हाक मारत ते नाव, मूळ गाव, वय, अंत्यविधीची वेळ व स्थळ, आणि संपर्कासाठी घराबाहेरच्या दोन माणसांचे क्रमांक पुरेत. मृत्यूचे कारण सांगायचे असेल तर एका वाक्यात सांगावे, सांगायचे नसेल तर सांगू नये. ते विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही. ‘त्यांच्या पश्चात’ या वाक्यात मुली आणि सुना नावानिशी याव्यात. अकाली मृत्यूत अनेकदा गेलेल्याची आई अजून हयात असते आणि नेमके तिचेच नाव राहून जाते, याकडे विशेष लक्ष द्यावे.

विधी आणि शोकसभा

विधी कोणते करावेत, हा त्या त्या कुटुंबाच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. कोणी दहावा-तेरावा करतात, कोणी सत्यशोधक पद्धतीने करतात, बौद्ध कुटुंबांत पुण्यानुमोदन होते, ख्रिस्ती कुटुंबांत प्रार्थनासभा होते. पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक गावांत आता रक्षा नदीत न सोडता स्वतःच्या शेतात खड्ड्यात घालून तिच्यावर झाड लावतात, आणि ज्या माणसाने ते शेत कसले त्याच्यासाठी हे मला फार योग्य वाटते. यापैकी काहीही केले तरी त्यात आठवणीसाठी जागा ठेवता येते.

अस्थी घेऊन नाशिकला रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरला जाणार असाल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांकडच्या वह्या आवर्जून पाहाव्यात. गाव आणि आडनाव सांगितले की ते आपल्या घराण्याची नोंद काढतात. पूर्वी कोण आले होते, कोणाचे कार्य केले, बरोबर कोण होते हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेले असते आणि आलेल्या यजमानाची सहीही बहुतेक वेळा असते. आपल्या वडिलांनी त्यांच्या वडिलांच्या अस्थी तिथे आणल्या असतील, तर त्यांचे तरुणपणीचे अक्षर त्या पानावर सापडू शकते. आपण नवी नोंद करताना मुलींची आणि सुनांची नावेही सांगावीत, आणि परवानगी घेऊन पानाचे छायाचित्र घ्यावे.

दशक्रियेला प्रवचन आणि त्यानंतर श्रद्धांजलीची भाषणे अशी पद्धत पुणे, अहिल्यानगर, नाशिक या भागांत रूढ आहे. तिथे बहुतेक वेळ मान्यवरांच्या नावांत आणि ‘कुटुंबाचा आधारवड हरपला’ अशा वाक्यांत जातो, आणि ज्याने पंधरा वर्षे शेजारच्या यंत्रावर काम केले तो सहकारी मांडवाच्या कडेला उभा राहून तसाच निघून जातो. कुटुंबाने आदल्या दिवशीच ठरवून दोनच माणसे बोलतील असे सूत्रसंचालकाला सांगावे: एक कामावरचा सोबती आणि एक घरातली व्यक्ती. दोघांनाही पाच-पाच मिनिटे द्यावीत आणि प्रत्येकाने एकच प्रसंग सांगावा. याने कोणी दुखावेल अशी भीती घरच्यांना असते. पण बोलायला न मिळालेला मान्यवर दोन दिवसांत विसरतो, हा माझा अनुभव आहे.

पत्नीच्या बाबतीत जे घडते त्याबद्दल स्पष्टच लिहिले पाहिजे. ज्याने आयुष्यभर बायकोला जपले त्या माणसाच्या नावाने तिचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणे, हा त्याच्याच प्रेमाचा अवमान आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही हा आदर्श घ्यावा असे परिपत्रक काढले. तेव्हा ‘लोक काय म्हणतील’ याला उत्तर देण्यासाठी घरातल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीने अंत्ययात्रा निघण्यापूर्वीच पुढे होऊन सांगावे की आपल्या घरात हे होणार नाही. हे शब्द त्या पत्नीला स्वतः बोलावे लागू नयेत.

तपशील कोणाकडून आणि कसा मिळवावा

तेरावा झाल्यानंतरचे दोन-तीन महिने या कामासाठी योग्य असतात. त्याआधी माणसे रडण्यापलीकडे बोलू शकत नाहीत, आणि त्यानंतर ती सगळे गुळगुळीत करून सांगू लागतात. घरातल्या एकाने वही घेऊन आणि फोनवर ध्वनिमुद्रण चालू करून, बोलणाऱ्याला तसे सांगून, ठरवून भेटी घ्याव्यात. सुरुवात वयाने मोठ्या माणसांपासून करावी.

घरचे लोक ज्यांच्याकडे सहसा जात नाहीत, पण ज्यांच्याकडे सर्वाधिक ऐवज असतो, अशी माणसे म्हणजे पाळीतले सोबती, मुकादम किंवा पर्यवेक्षक, कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी, रोज ज्या टपरीवर ते चहा घेत तो चहावाला, किराणा दुकानदार, पतसंस्थेतला कारकून, आणि सकाळच्या लोकलमध्ये किंवा कंपनीच्या बसमध्ये रोज शेजारी बसणारा माणूस. घरात अबोल असलेला माणूस पाळी सुटल्यावर मित्रांना गाणी म्हणून दाखवत असे, हे मुलांना अशा वेळीच पहिल्यांदा कळते. किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीत कोणत्या महिन्यात तेल अर्धा किलो कमी घेतले आणि कोणत्या महिन्यात मुलाच्या निकालाचे पेढे लिहिले गेले, हेही सापडू शकते.

प्रश्न कसा विचारता यावर सगळे अवलंबून आहे. ‘ते कसे होते?’ असे विचारले की ‘देवमाणूस होते’ हे उत्तर ठरलेले आहे आणि त्यापुढे संभाषण जात नाही. त्याऐवजी हाताला लागतील असे प्रश्न विचारावेत. कामावर आल्यावर ते सगळ्यात आधी काय करत? डबा कोणाबरोबर खात आणि डब्यातले काय दुसऱ्याला देत? पगाराच्या दिवशी घरी जाताना कुठे थांबत? कोणत्या गोष्टीवर हमखास चिडत? यंत्र बिघडले, पाऊस लागला, माल परत आला तेव्हा ते काय म्हणत? त्यांच्याकडून तुम्ही कोणते काम शिकलात? त्यांनी कोणाकडून उसने घेतले होते का, कोणाला दिले होते का? शेवटचा प्रश्न जरा संकोचाचा वाटतो, पण तो जरूर विचारावा, कारण कष्टकरी माणसांची अडीअडचणीतली मदत कागदावर कुठेच नसते आणि ती घेतलेल्याखेरीज कोणी सांगू शकत नाही.

पत्नीशी बोलताना घाई करू नये. तिच्याकडे एकाच बैठकीत सगळे मागण्याऐवजी घरातली कामे करताना जे सहज निघेल ते नंतर लिहून ठेवावे. मटार सोलताना, पापड वाळत घालताना, जुन्या पावत्या निवडताना ‘हे त्यांनी असं करायला लावलं होतं’ असे एखादे वाक्य येते, आणि त्याला धरून पुढचे अर्धा तास बोलणे होते. आईवडील हयात असतील तर त्यांना लहानपणाचे विचारावे: शाळा कितवीपर्यंत झाली, का सुटली, पहिली कमाई किती वयाला आणि कशाची, ते पैसे कोणाच्या हातात दिले. अनेक कर्त्या माणसांची जबाबदारी चौदाव्या-पंधराव्या वर्षीच सुरू झालेली असते, आणि मुलांना ती गोष्ट ठाऊक नसते.

नोंदीच्या प्रत्येक पानावर सांगणाऱ्याचे नाव, तारीख आणि ठिकाण लिहावे. दोन माणसांनी एकच प्रसंग वेगळा सांगितला तर दोन्ही नोंदी ठेवाव्यात आणि तिथल्या तिथे निवाडा करू नये.

लेख लिहिताना

जमवलेल्या नोंदींतून दीड-दोन पानांचा लेख तयार करणे हे पुढचे काम. ‘अत्यंत कष्टाळू, मनमिळाऊ आणि प्रेमळ स्वभाव’ हे शब्द खोटे नसतात, पण ते गावातल्या प्रत्येक फलकावर असतात, त्यामुळे त्यांतून हा माणूस वेगळा दिसत नाही. समजा, ते एसटीच्या आगारात यांत्रिक होते. तर लेखातला एक परिच्छेद असा होऊ शकतो:

‘रात्रपाळी संपवून ते सकाळी साडेसातला घरी येत आणि अंघोळीआधी अंगणात उकिडवे बसून रॉकेल आणि राखेने हात धूत, तरीही नखांच्या कडांतला काळेपणा कधी पूर्ण गेला नाही. जूनमध्ये धाकटीच्या वह्यांना खाकी कव्हर घालायचे काम त्यांचे असे, आणि डाग पडू नये म्हणून ते आधी मांडीवर वर्तमानपत्र पसरून कोरड्या फडक्याने पुन्हा एकदा हात पुसत. घाटात मुक्कामी गाडी बंद पडल्याचा निरोप आला की जेवणाचे ताट झाकून निघत, आणि पहाटे परतल्यावर माणसे पोहोचली, एवढेच सांगत.’

या परिच्छेदात कष्टाळू आणि प्रेमळ हे दोन्ही शब्द नाहीत, आणि वाचणाऱ्याला ते शोधावेही लागत नाहीत. प्रत्येक गुणासाठी एक कृती, एक वेळ आणि एक वस्तू शोधली तर लेखाचा अर्धा भाग आपोआप उभा राहतो. आकडे असतील तिथे आकडे द्यावेत: कोणत्या वर्षी कामाला लागले, पहिला पगार किती होता, घर कोणत्या वर्षी बांधले, कर्जाचा शेवटचा हप्ता कधी फेडला. गृहकर्जाची किंवा पतसंस्थेची फेडीची नोंद ही अशा माणसाच्या चरित्रातली फार मोठी घटना असते.

शेवटच्या दिवसाचे काय करावे, हा अचानक मृत्यूतला सर्वांत कठीण प्रश्न आहे. त्या दिवशी जी व्यक्ती जवळ होती तिने तो दिवस एकदाच, वेळेच्या क्रमाने, जेवढा आठवतो तेवढा लिहून काढावा किंवा कोणाला तरी सांगून लिहून घ्यावा. ते कागद वेगळ्या पाकिटात ठेवावेत. असे केल्याने येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तीच हकीकत पुन्हा पुन्हा सांगण्याची सक्ती उरत नाही, आणि मुले मोठी होऊन विचारतील तेव्हा खात्रीची माहिती हाताशी असते. श्रद्धांजलीच्या लेखात मात्र त्या दिवसाला दोन-तीन वाक्यांपेक्षा जास्त जागा देऊ नये. ‘दवाखान्यात लवकर नेले असते तर’ या विचाराने जी व्यक्ती आतून खचत असेल तिच्याशी घरच्यांनी आणि डॉक्टरांनी बोलणे गरजेचे आहे. झोप आणि जेवण अनेक आठवडे सुटले असेल, किंवा जगणे नको असे शब्द येऊ लागले असतील, तर केंद्र शासनाच्या टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही मोफत बोलता येते.

दोषांबद्दल माझे मत असे की ते थोडे तरी लेखात यावेत. जो कधी रागावला नाही, कधी चुकला नाही, असा माणूस मुलांना आपल्या बापासारखा वाटत नाही. ते हट्टी होते, औषध घेत नसत, हिशेबात एक रुपया चुकला तर घर डोक्यावर घेत, हे लिहिल्याने त्यांची किंमत कमी होत नाही. व्यसन, कर्ज किंवा घरातले जुने भांडण यांबाबत मात्र काय सार्वजनिक करायचे हे पत्नी आणि मुलांनी मिळून ठरवावे, आणि एकाचाही नकार असेल तर ते लिहू नये.

आणखी एका स्तुतीबाबत सावध राहावे. ‘वीस वर्षांत एकही रजा घेतली नाही’ हे वाक्य अभिमानाने लिहिले जाते. ते खरे असेल तर जरूर लिहावे, पण रजा का घेतली नाही हेही लिहावे: शिल्लक रजेचे पैसे घेऊन त्यातून मुलीची फी भरली जात होती, किंवा एक खाडा झाला तर हजेरी कापली जात होती. कारणासकट लिहिले की त्या कष्टामागची ओढाताण दिसते. कारण गाळले की पुढच्या पिढीला छातीतल्या दुखण्याकडे दुर्लक्ष करून कामावर जाणे हाच मोठेपणा वाटू लागतो.

मुलांसाठी

लहान मुलांना ‘बाबा गावाला गेले आहेत’ किंवा ‘बाबा झोपले आहेत’ असे सांगू नये. गावाला गेलेल्याची मुले दारात वाट पाहतात, आणि झोपलेल्याची मुले स्वतः झोपायला घाबरतात. ‘बाबांचं हृदय बंद पडलं, ते वारले, ते आता परत येणार नाहीत, आणि यात तुझी काही चूक नाही’ असे सरळ शब्द घरातल्या जवळच्या माणसाने, शक्यतो आईने किंवा आजीने, मांडीवर घेऊन सांगावेत. मूल तेच पुन्हा पुन्हा विचारते. दर वेळी तेच उत्तर द्यावे. प्रत्येक मुलाला वडिलांची एक वस्तू स्वतःची म्हणून द्यावी आणि ती त्याची त्यालाच निवडू द्यावी. चार वर्षांच्या मुलीने पाना निवडला तर तोच द्यावा.

किशोरवयीन मुलाच्या पाठीवर हात ठेवून ‘आता तूच घरचा कर्ता’ असे म्हणणारे नातेवाईक प्रत्येक दहाव्याला भेटतात. त्यांना आवरणे हे मामा-काकांचे काम आहे. ज्या बापाने मुलाचे शिक्षण सुटू नये म्हणून रात्रपाळ्या केल्या, त्याच्या मृत्यूच्या दहाव्या दिवशी मुलाला शिक्षण सोडायला लावणारे वाक्य बोलले जाऊ नये. मुलगी मोठी असेल तर तिच्यावर हाच भार न बोलता पडतो, तो अधिक लक्ष ठेवून दूर करावा लागतो.

त्यांच्या कमाईचे पैसे

हा विषय आठवणीच्या लेखात कशाला, असे कोणाला वाटेल. पण ज्याने घरासाठी पै-पै साठवली त्याचे हक्काचे पैसे कार्यालयांत पडून राहणे हे त्याच्या कष्टाला विसरण्यासारखेच आहे. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करावी आणि दाखल्यावरचे नाव आधार व कामावरच्या नोंदीशी अक्षरशः जुळते का ते पाहूनच दाखला घ्यावा. बँकेच्या पासबुकात मे-जूनच्या सुमारास 436 रुपये कापले गेल्याची नोंद असेल तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची असण्याचा संभव आहे आणि त्यात वारसाला 2 लाख रुपये मिळतात. 20 रुपयांची नोंद अपघात विम्याची असते आणि अपघाती मृत्यूत तिचेही 2 लाख रुपये मिळतात. भविष्य निर्वाह निधीचे सभासद असतील तर जमा रकमेसाठी नमुना 20, पत्नी व मुलांच्या निवृत्तिवेतनासाठी नमुना 10-डी आणि विम्यासाठी नमुना 5-आयएफ भरावा लागतो. या विम्याची कमाल रक्कम 7 लाख रुपये आहे. ग्रॅच्युइटीसाठी एरवी पाच वर्षांच्या नोकरीची अट असते, मृत्यू झाल्यास ती लागू होत नाही. ही गोष्ट अनेक कुटुंबांना ठाऊक नसते आणि मालकही आपण होऊन सांगतोच असे नाही. शेतकरी कुटुंबात अपघाती मृत्यू झाला असेल तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेबद्दल तालुका कृषी अधिकाऱ्याकडे चौकशी करावी.

या पैशातून गावजेवण मोठे करण्याचा आग्रह होईल. कर्ज काढून तेरावा घालू नये, एवढेच मी निक्षून सांगेन. त्यांच्या नावाने काही करायची इच्छा असेल, तर ज्या जिल्हा परिषद शाळेत ते शिकले तिथे ठेव ठेवावी: 50,000 रुपयांच्या ठेवीवर 7 टक्के दराने वर्षाला 3,500 रुपये व्याज येते, आणि तेवढ्यात एका विद्यार्थ्याची वह्या-पुस्तके, गणवेश आणि दप्तर येते. ठेव शाळेच्या नावे असावी, व्याज कशासाठी वापरायचे ते लेखी असावे, आणि हे ठरवायला पुरे एक वर्ष घ्यावे.

तिथी, तारीख आणि वर्षाची पुस्तिका

मृत्यूची तारीख आणि तिथी दोन्ही दिनदर्शिकेत पाहून लगेच लिहून ठेवावीत. अधिक महिना आला की पुढे गोंधळ होतो. पितृपक्षात तिथीप्रमाणे श्राद्ध होते, अपघातात गेलेल्यांचे श्राद्ध भाद्रपद वद्य चतुर्दशीला करण्याची रूढी आहे, आणि तिथी निश्चित नसेल तर सर्वपित्री अमावास्या असते. ज्या घरात श्राद्ध करत नाहीत त्यांनी वाढदिवसाचा किंवा कामाला लागल्याचा दिवस धरावा. मला स्वतःला कामाला लागल्याचा दिवस अधिक आवडतो. त्या दिवशी कामावरच्या सोबत्यांना घरी जेवायला बोलवावे आणि जेवण त्यांच्या आवडीचे करावे.

वर्षश्राद्धाला फलक लावण्याऐवजी पुस्तिका काढावी. मधोमध पिन मारलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत असावी लागतात, म्हणून 32 किंवा 40 पाने धरावीत; वडीलधाऱ्यांना वाचता यावे म्हणून अक्षर 14 पॉइंटचे घ्यावे. सुरुवातीला दीड-दोन पानांचा लेख, मग सोबत्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत, मालवणी असो की वऱ्हाडी, शब्द न बदलता. मग दिनदर्शिकेच्या पानांची आणि हत्यारांची छायाचित्रे, आणि शेवटी वंशावळ, जिच्यात लेकी आणि त्यांची मुले पूर्ण नावांनी येतील. भेटीला आलेल्या पुढाऱ्यांची छायाचित्रे घालू नयेत. छपाईआधी मसुदा पत्नीला आणि आईला वाचून दाखवावा आणि त्या जे काढायला सांगतील ते न विचारता काढावे. प्रती मोजक्या छापाव्यात: जितकी कुटुंबे आणि सोबती तितक्या, शिवाय एक गावच्या वाचनालयाला आणि एक शाळेला. संगणकावरची प्रत, ध्वनिमुद्रणे आणि छायाचित्रे तीन वेगवेगळ्या घरांत ठेवावीत, आणि त्यांतले एक घर परगावातल्या मुलीचे किंवा बहिणीचे असावे.